तुम्ही विचारलंत म्हणून: स्काऊट कधी सोडवावं?

"आता अभ्यास वाढलाय, स्काऊट बंद करू का?" मी कब (लहान मुलांचा गट) ते रोव्हर (तरुणांचा गट) अशा स्काऊटच्या सगळ्या पायऱ्या चढलो आहे हे कळलं की पालक हमखास हेच विचारतात. मुलगा तेव्हा तेरा-चौदाचा असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: आत्ताच नको, तो संघनायक, म्हणजे आपल्या छोट्या गटाचा नायक, व्हायच्या बेतात आहे. मुलगी गाईडमध्ये, म्हणजे मुलींच्या शाखेत, असली तरी उत्तर हेच.

कबची वर्षं खेळ, गाणी आणि शेकोटीत जातात, आणि तशीच जावीत. मग स्काऊटचं वचन घ्यायचं आणि एकेक सोपान, म्हणजे टप्पा, चढायचा: गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, तंबू. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. गाठ आली की आली. शेजारच्याला आधी जमली म्हणून तुमची कमअस्सल ठरत नाही. गुणांच्या हिशेबात वाढणाऱ्या मुलाला ही केवढी मोकळीक वाटते!

पण तोवरचं शिकणं स्वतःपुरतं असतं. संघनायक झालं की सहा-आठ मुलं आपल्या भरवशावर येतात. बोलाइनचा फास ताण पडला तरी आवळत नाही, म्हणून माणसाला वर ओढायला ती गाठ वापरतात. मला ती डोळे मिटून यायची. धाकट्यांना शिकवायला लागलो तेव्हा उमगलं, की समोर बसून दाखवलं तर त्यांना सगळं उलटं दिसतं. शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसायचं, दोर त्यांच्याच हातात ठेवायचा आणि आपले हात आवरायचे. हे हात आवरणं सगळ्यांत अवघड.

दक्षिण आफ्रिकेतल्या मेफकिंग गावाला पडलेल्या वेढ्यात (१८९९-१९००) निरोप पोचवण्यासारखी कामं मुलं चोख करतात, हे स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी पाहिलं होतं. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या शिबिरात त्यांनी वीसेक मुलांचे चार संघ केले, श्रीमंतांची आणि कामगारांची मुलं एकत्र घातली आणि नायकही मुलांमधूनच नेमले. मुलावर मुलांची जबाबदारी टाकण्याचं हे धाडस म्हणजेच माझ्या मते स्काऊटिंग. बाकीचं इतरत्रही शिकता येतं.

शिबिरात रात्री एखाद्या लहानग्याला घरची आठवण येते. मोठ्यांना उठवायला त्याला संकोच वाटतो, म्हणून तो नायकाकडे येतो. त्याला काय सांगायचं, हे कुठल्याच सोपानाच्या परीक्षेत नसतं. मी त्याला तंबूच्या दोऱ्या तपासायला सोबत घ्यायचो. सुती दोर दवाने भिजला की आखडतो, म्हणून रात्री थोडा सैल करावा लागतो. काम खरंच गरजेचं असायचं आणि ते त्यालाही कळायचं. दोन-चार खुंट्या होईपर्यंत त्याचं रडू थांबलेलं असायचं.

तेव्हा पुढचे बिल्ले राहिले तरी चालतील, पण संघनायकाचं एक वर्ष त्याला पुरं करू द्या. मग स्काऊट सोडायचं की नाही हे त्यालाच विचारा, आणि तो म्हणेल ते माना.