बर्फात कोंडून पडल्यावर करता तरी काय?

डिसेंबर लागला की पुण्याची आतेबहीण फोनवर हटकून विचारते, "अगं, बर्फात कोंडून पडल्यावर दोन-दोन दिवस करता तरी काय तुम्ही?" तिच्या डोळ्यांसमोर काय असतं ते मला ठाऊक आहे. खिडकीबाहेर पांढरंशुभ्र, आत शेकोटी, हातात कॉफीचा मग, मांडीवर मांजर. यंदा आणखी चौघांनी हेच विचारलंत, म्हणून एकदाचं सांगून टाकते. मांजर आहे. बाकीचं जरा वेगळं आहे.

आम्ही अमेरिकेत व्हरमाँटला राहतो, तेही गावापासून चार मैल आत. या राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते अजून कच्चे आहेत, आमचा त्यातलाच. मी मूळची गुहागरकडची, त्यामुळे इथला हिवाळा मला कळला तो आगोटीमुळे. मिरगाच्या आधी आई पडवीत लाकडं रचायची, गोवऱ्या माळ्यावर टाकायची, मीठ-कोकमं भरून ठेवायची. इथेही तेच, फक्त इथली आगोट एप्रिलमध्येच सुरू होते.

कारण लाकूड. आमचं घर तापतं ते लाकडाच्या स्टोव्हवर. लाकूड 'कॉर्ड'वर विकतात: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रास, म्हणजे 128 घनफूट. आम्हाला हिवाळ्याला चार कॉर्ड लागतात. मेपल, बीच या झाडांचं लाकूड फोडून किमान वर्षभर वाळवावं लागतं. ओलं जाळलं तर बरीचशी धग त्यातलं पाणी उडवण्यातच जाते आणि धुराड्यात काजळीचा चिकट थर धरतो, तो पेटला तर घरच जायचं. वाळलंय की नाही ते बघायला दोन फाटे एकमेकांवर आपटायचे. टण्ण वाजलं तर वाळलं, थप्प वाजलं तर पुढच्या वर्षी. आई नारळ कानाशी धरून हलवायची, त्याच जातीची ही विद्या. ती मला तीन हिवाळे धूर खाल्ल्यावर आली.

तर 2022 चा ख्रिसमसच्या आधीचा शनिवार-रविवार सांगते, म्हणजे अंदाज येईल. शुक्रवारी, 16 डिसेंबरला, वादळ आलं. बर्फ ओला होता, जड. फांद्या वाकल्या, तारांवर पडल्या आणि शनिवारी पहाटे लाइट गेले. आमची बोअरवेल. लाइट गेले की पंप बंद, पंप बंद की पाणी बंद. म्हणून मी गुरुवारीच बाथटब काठोकाठ भरून ठेवला होता. नवरा हसला होता: "धरण बांधतेयस का?" शनिवारी सकाळी संडासात ओतायला त्याच धरणातली पहिली बादली त्यानेच नेली. मी काही बोलले नाही. (थोडं बोलले.)

भांड्यांना मात्र टबातलं पाणी द्यायचं माझ्या जिवावर आलं. बाहेर एवढा बर्फ पडलाय, वितळवू की! मोठं पातेलं शिगोशीग भरून स्टोव्हवर ठेवलं आणि विसरले. थोड्या वेळाने करपल्याचा वास. कोरड्या पातेल्यात नुसता बर्फ टाकला तर तळ आधी तापतो आणि बर्फ वर तसाच अधांतरी राहतो. तळाशी आधी वाटीभर पाणी लागतं. एवढं करून हाती आलं किती, तर जेमतेम तांब्या-दीड तांब्या. साधारण दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी होतं, हा ओला म्हणून जरा जास्त. त्यात फरच्या झाडाचं सुईसारखं पान आणि एक किडा.

मग फावडं. फुलासारखा बर्फ सिनेमात पडतो. हा ओल्या रेतीसारखा होता. अर्धा तास एकाने, अर्धा तास दुसऱ्याने, असं करत आम्ही वाट मोकळी केली आणि तेवढ्यात रस्ता साफ करणारा प्लाऊ येऊन आमच्या वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा ढीग सारून गेला. त्याचा दोष नाही, रस्त्यावरचा बर्फ कुठेतरी जाणारच. शेवटी पलीकडचे शेतकरी आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले. पैसे ते घेत नाहीत. ख्रिसमसला मी डबाभर करंज्या देते. ट्रॅक्टरवरूनच ओरडले, "यंदा ते अर्धे चंद्र केलेत की नाही?" गोव्यात नाताळच्या ताटात नेवऱ्या, म्हणजे करंज्याच, असतात, तेव्हा मी परंपरा मोडते आहे असं कोणी म्हणू नये.

सव्वाचारला सूर्य मावळतो. त्यानंतर मेणबत्ती, स्टोव्हवरच शिजलेली खिचडी आणि शांतता. ताजा बर्फ आवाज पिऊन टाकतो, त्यात फ्रिजची घरघरही नव्हती. मध्येच छपरावरून बर्फाचा लोट घसरायचा, धप्प. मांजर दर वेळी दचकायचं, मीही.

रविवारी थंडी वाढली आणि संध्याकाळी भुरभुर सुरू झाली, सुटी, कोरडी. मी काळी शाल आणि शिवणाच्या डब्यातलं भिंग घेऊन पायरीवर उभी राहिले. इथल्याच जेरिको गावात विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. त्याने 15 जानेवारी 1885 ला कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे जन्मभरात 5000 हून जास्त काढले. बर्फाच्या वादळातून पायी घरी आला, न्यूमोनिया झाला आणि 23 डिसेंबर 1931 ला गेला. भिंगाखाली माझ्या शालीवर एक चांदणी आली: सहा हात, प्रत्येकाला नेच्यासारखी पानं, एक हात मोडका. श्वास रोखायला विसरले आणि तिचं पाणी झालं. मग दुसरी. खिचडीला उशीर झाला.

रात्री दोनला सगळ्या खोल्यांतले दिवे एकदम लागले. नवरा उठून एकेक बंद करत फिरला, खाली पंप घरघरायला लागला. टबातलं पाणी मात्र मी बुधवारपर्यंत सोडलं नाही.