जखमेवर पट्टा आवळा, सर्पदंशावर नको

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर गाडी न्यायची म्हटली की टायर, विंच (रुतलेली गाडी तारेच्या दोराने ओढणारं यंत्र), टोचनाचा पट्टा सगळं दहादा तपासलं जातं. प्रथमोपचाराची पेटी मात्र डिकीत, तंबूच्या खाली. गाडी कलंडली की नेमकी डिकीच उघडत नाही. पेटी ड्रायव्हरच्या सीटमागे घट्ट बांधा, सीटबेल्ट कापायची सुरी तिच्या शेजारी, आणि निघण्याआधी गाडीतल्या प्रत्येकाला ती जागा दाखवा.

दुकानातल्या तयार पेटीत छोट्या चिकटपट्ट्या आणि कापूसच जास्त. रानात हवं ते रक्त थांबवणारं सामान: 10×10 सें.मी.चे निर्जंतुक गॉज वीसेक, 10 आणि 15 सें.मी. रुंदीची क्रेप बँडेज चार-चार, तिकोनी बँडेज दोन, हातमोज्यांचे चार जोड, जखम धुवायला सलाइनची बाटली, चांगलं टुर्निकेट (रक्त थांबवायला हात-पाय करकचून आवळायचा पट्टा) आणि मार्कर पेन.

विंचच्या तारेचा दोर हातमोज्यांशिवाय धरला की तुटलेल्या तारा तळहात फाडतात. टोचनाचा पट्टा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) अडकवला तर तो बॉल मोडून गोळीसारखा सुटू शकतो. तो रुतलेली गाडी ओढायला बनवलेलाच नसतो. अशा जखमेवर गॉज ठेवून घड्याळ लावून 10 मिनिटं सलग दाबायचं. माणसं दर मिनिटाला गॉज उचलून बघतात आणि धरू लागलेली गुठळी निघून येते. हाता-पायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर टुर्निकेट जखमेच्या 5 ते 7 सें.मी. वर बांधा, सांध्यावर नको. रक्त थांबेपर्यंत आवळा. माणूस वेदनेने ओरडेल, तरी सैल करू नका. वेळ मार्करने कपाळावर लिहा. पुढचं डॉक्टर बघतील.

हाच टुर्निकेटचा पट्टा सर्पदंशावर घात करतो. कोकणात फुरसं भरपूर. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, दंशाची जागा सुजते, सडू लागते. त्यावर करकचून बांधलं तर रक्तपुरवठा तुटून हात-पायच गमवायची वेळ येते. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज चढण्याआधी काढा. पाय काठीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून न्या. चिरणं, चोखणं नको. दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. साप मारून आणायची गरज नाही: आपल्याकडची सर्पदंशाची लस, म्हणजे प्रतिविष, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे. मण्यार मात्र फसवते. रात्री झोपलेल्याला चावते, खूण जेमतेम दिसते, दुखत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात. तंबूत कुणाच्या पापण्या जड झाल्या तर झोप समजू नका, श्वासावर लक्ष ठेवत लगेच निघा.

म्हणून आदल्या दिवशीच वाटेवरच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून सर्पदंशाची लस शिल्लक आहे का विचारा आणि नंबर कागदावर लिहा. घाटात रेंज नसते. 108 ला फोन लागेल अशी जागा जाताना हेरून ठेवा. दुसरी गाडी सोबत हवीच: एक जखमीपाशी थांबते, दुसरी खिंडीवर जाऊन वाडीचं नाव आणि अक्षांश-रेखांश कळवते.