बंड्या, सोड!

एरडेल टेरिअर घरात आणताना शिकार हा विषय आमच्या डोक्यातही नव्हता. बायकोला कुत्र्याच्या केसांचा त्रास होतो, लेकीला कुत्रा हवाच होता आणि या जातीचे केस घरभर गळत नाहीत. एवढ्या भांडवलावर बंड्या अमेरिकेतल्या आयोवात आमच्याकडे आला. नाव माझ्या आईनं ठेवलं, व्हिडिओ कॉलवर त्याला सोफ्याची उशी फाडताना बघून. आता तो अठ्ठावीस किलोचा गडी झालाय आणि पाडलेला फेझंट शोधून माझ्या हातात आणून देतो. या जातीच्या कुत्र्याला हे जमायचं नाही, असं सांगणाऱ्यांत शेजारचे काका पहिले होते. तसं त्यांचं अगदीच चूक नव्हतं.

काका म्हणजे मका-सोयाबीन पिकवून निवृत्त झालेले शेतकरी. जन्मभर लॅब, म्हणजे लॅब्रेडॉर कुत्रे, पाळले. आम्ही त्यांना 'काका' म्हणतो आणि आता त्यांची नातवंडंही म्हणतात. शिकारीचा नाद मला त्यांनी लावला. आमच्या वाईकडे माझ्या पिढीनं शिकार पाहिलेलीच नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यानंतर आजोबांची बंदूक भिंतीवर गेली ती गेलीच. गंमत म्हणजे आयोवात १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचं लायसन हवं असेल तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स पास करावा लागतो. एकाच वर्षानं तिकडे आजोबांची शिकार बंद केली आणि इकडे मला चाळिशीत शाळेत बसवलं.

फेझंट मूळचा आशियातला, मोराचा आणि रानकोंबड्याचा भाऊबंद. १८८० च्या दशकात शांघायहून ओरेगॉनमध्ये आणून सोडला. आयोवात तो शिरला वादळामुळे. १९०० च्या आसपास सीडर फॉल्सजवळ एका पक्षीपालकाचे पिंजरे वाऱ्यानं मोडले आणि दोनेक हजार पक्षी रानात गेले. आज ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी हंगाम सुरू होतो आणि १० जानेवारीला संपतो. सकाळी ८ ते दुपारी साडेचार ही वेळ, माणशी दिवसाला ३ नर. मादीला हात लावायचा नाही, आणि घरी नेताना नर ओळखू यावा म्हणून पाय, पंख किंवा डोकं ठेवावं लागतं.

पक्षी पाडणं हा यातला सोपा भाग. पंख मोडून खाली आलेल्या नराचे पाय शाबूत असतात आणि जमिनीला टेकला की तो पळत सुटतो. छातीएवढ्या गवतात नाहीतर पाणकणसाच्या दलदलीत घुसला की माणसाच्या बापाला सापडत नाही. मग रात्री कोल्ह्या-कोयोटीचं फावतं. जखमी करून रानात सोडून यायचं हे मला पटत नाही. काकांचा लॅब त्या हंगामात म्हातारा होऊन गुडघ्यांनी बसला होता. चांगला कुत्रा बरोबर नसेल तर आपण बंदूक उचलायची नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. आणि घरात कुत्रा होता तो बंड्या.

बंड्याची अडचण कळायला त्याचं कूळ बघावं लागतं. स्कॉटलंडमध्ये १८६८ साली लॉर्ड ट्वीडमाउथच्या इस्टेटीवर गोल्डन रिट्रीव्हरच्या मूळ वंशातली पिल्लं जन्मली. कशासाठी, तर साहेबांनी पाडलेले पक्षी न चुरगळता आणून द्यायला. त्याच काळात यॉर्कशरमध्ये एअर नदीच्या काठचे गिरणी कामगार टेरिअर आणि ऑटरहाउंड (पाणमांजराच्या शिकारीचा कुत्रा) यांचा संकर करत होते. त्यांना हवा होता नदीत उतरून उंदीर मारणारा कुत्रा, कारण नदीकाठी त्यावर पैजा लागायच्या. उंदीर धरायचा, झटका देऊन मान मोडायची आणि पुढच्याकडे वळायचं. आणून द्यायचा प्रश्नच नव्हता. मेलेला उंदीर हवा होता कुणाला?

पण ऑटरहाउंडचं नाक आणि पाण्याची हौस रक्तात उतरलेली आहे. म्हणजे शोधणं येतं, धरणं तर येतंच येतं. येत नाही ते परत येणं आणि देणं. बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, आपल्याकडं लोक करवानी जातीचं शिकारी कुत्रं पाळायचे. ससा बरोबर धरायचं ते. पण मालक पोचेपर्यंत अर्धा ससा उरला तर नशीब!"

काकांनी सुचवलेली पद्धत इथली जुनी आणि सर्रास चालणारी आहे. कुत्र्याचा कान चिमटायचा, त्यानं तोंड उघडलं की डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी सरावाला वापरायची वस्तू, आत सरकवायची आणि त्याच क्षणी कान सोडायचा. डमी तोंडात असली की दुखत नाही, हे त्याला कळतं. असे तयार झालेले काकांचे लॅब मी पाहिलेत, दुःखी-बिःखी अजिबात दिसत नाहीत. पण टेरिअरला दाबलं की तो उलटा दाबतो. उंदरानं नाकाचा चावा घेतला तरी पकड ढिली करायची नाही, यासाठी ज्याच्या खापरपणजोबाला निवडलं, त्याच्यापुढे माझ्या दोन बोटांचा चिमटा काय टिकणार? मी नको म्हटलं. काका "हं" म्हणाले. आयोवातल्या "हं"मध्ये पुष्कळ काही मावतं.

मी सुरुवात शेवटाकडून केली. फेकाफेकी नाहीच. भिंतीला रंग देतात त्या रोलरचं मऊ कव्हर हार्डवेअरच्या दुकानातून आणलं. बंड्याला समोर बसवायचं, कव्हर तोंडात द्यायचं, हनुवटीखाली दोन बोटं टेकवायची आणि म्हणायचं "धर". क्षणभर धरलं की "सोड". सोडलं की उकडलेल्या कलेजीचा तुकडा. इथपर्यंत कुणीही सांगेल. खरी मेख पुढे आहे. कलेजी खाऊन झाली की ते कव्हर त्यालाच परत द्यायचं.

टेरिअर वस्तू घेऊन पळतो त्याला आपण खोडी म्हणतो. त्याच्या बाजूनं बघा. मोजा, उशी, लेकीची बाहुली, जे जे म्हणून त्यानं तोंडात धरलं ते आपण काढून घेतलं आणि कपाटावर ठेवलं. माणसाच्या हातात गेलेली चीज परत येत नाही, हा त्याचा पिल्लूपणापासूनचा अनुभव. त्यामुळे आपला हात पुढे झाला की त्याची मान मागे वळते. बंड्याला दिलेलं परत मिळायला लागलं, दहातल्या सात-आठ वेळा तरी, आणि त्याचा हिशोबच बदलला. मी हात पुढे करणंही थांबवलं. तो रोलर घेऊन आला की त्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही, छाती आणि खांदे खाजवत बसायचं. थोड्या दिवसांत साहेब रोलर माझ्या मांडीवर दाबायला लागले, "घे की बाबा" म्हणून.

मग बेसमेंटमधला बोळ. दोन्हीकडे भिंत, टोकाला बंद दार. त्यात डमी सरकवली की बंड्याला परत यायला माझ्याशिवाय दुसरी दिशाच नाही. दोन-तीनदा आणली की खेळ बंद, त्याला आणखी हवा असतानाच. अंगणात गेलो तेव्हा लांब दोरी लावली. त्याला ओढून आणायला नव्हे, टोमॅटोच्या वाफ्याकडचा रस्ता बंद ठेवायला. टेरिअरला शिकार पुरून ठेवायची खोड असते. बायकोला खुरपताना मातीतून फेझंटचा एक पंख मिळाला होता. त्यावर ती जे बोलली ते इथे छापण्यासारखं नाही.

सगळ्यात जास्त वेळ झटक्यानं खाल्ला. रोलर किंवा कॅनव्हासची डमी तो गपगुमान आणायचा, पण तिला पंख बांधला की डोळे बदलायचे. काहीतरी लोंबतंय, फडफडतंय, म्हणजे जिवंत आहे, म्हणजे मान मोडायला हवी. गदागदा! शिकारीच्या पक्ष्याला असं केलं तर बरगड्यांचा चुरा आणि आतड्याची घाण सगळ्या मांसात. यावर ओरडून काही होत नाही, उलट तो आणखी पेटतो. उपयोग दोन गोष्टींचा झाला. एक म्हणजे पंख डमीला चिकटपट्टीनं घट्ट, सपाट बांधायचे, लोंबू द्यायचेच नाहीत, आणि फार हळूहळू सैल करत जायचं. दुसरी, त्यानं उचलल्या क्षणी आपण पाठ फिरवून पळत सुटायचं. धावत्या कुत्र्याला झटका देता येत नाही. त्यासाठी त्याला चार पाय रोवून उभं राहावं लागतं. मी हिरवळीवर बंड्याकडे पाठ करून पळतोय हे दृश्य आमच्या गल्लीला आता सवयीचं झालंय.

पुढची युक्ती काकांची, आणि तिचं श्रेय त्यांनाच. गोठवलेला पक्षी बायकांच्या नायलॉनच्या पायमोज्यात घालायचा. पिसं सुटून तोंडात जात नाहीत, चघळायला काही मिळत नाही, वास मात्र पुरता येतो. आधी दगडासारखा कडक पक्षी, मग अर्धवट वितळलेला, मग मोज्याशिवाय. आमच्या फ्रीजरमध्ये भेंडीच्या पाकिटांशेजारी मोजा घातलेला फेझंट बघून पुण्याहून आलेल्या मेव्हण्यानं त्या रात्री फक्त वरणभात खाल्ला.

बंदुकीच्या आवाजाचं फार लिहीत नाही. लांबून, जेवणाच्या वेळी, हळूहळू जवळ. घाई केली की कुत्रा कायमचा बिचकतो, एवढं लक्षात ठेवलं की बास.

खरा पक्षी नोव्हेंबरअखेर मिळाला. मका कापून झालेला, ओढ्याकडेला पाणकणसं वाळून उभी, कडेच्या पाण्यावर बर्फाची पापडी. बंड्याच्या दाढीत गोखरू अडकून तोंड मिटेना, म्हणून हंगामाआधी त्याची दाढी मी कात्रीनं कमी केली होती. एरडेलवालं कुणी हे वाचत असेल तर हे विसरू नका. पायाखालून नर ओरडत उठला, काकांनी मारला, एक पंख दुमडला आणि पलीकडे पडला. आम्ही पोचलो तर तिथे चार पिसं. बंड्यानं ती हुंगली, नाक जमिनीला लावलं आणि भलतीकडेच, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, पाणकणसांत शिरला. काका म्हणाले, "चुकला." मी काही बोललो नाही. आत बर्फाची पापडी मोडल्याचा आवाज, मग कणसांचे शेंडे हलले, थांबले, पुन्हा हलले. मग बराच वेळ काहीच नाही.

बाहेर आला तेव्हा पोटापर्यंत चिखल, आणि तोंडात नर, जिवंत, मान ताठ करून इकडेतिकडे बघणारा. नाकावर रक्ताची रेघ, नराच्या पायाच्या काट्यानं ओढलेली. बंड्या थबकला. चार पाय रोवले. मला समजलं आता काय येणार ते. मी काकांच्या हाताला धरून त्यांना वळवलं आणि आम्ही दोघं कापलेल्या मक्याच्या धसकटांतून उलट्या दिशेला चालू लागलो, काका बंदूक बिजागरीवर उघडून खांद्यावर टाकून, आयुष्यात पहिल्यांदाच पक्ष्याकडे पाठ करून. मागून धापा जवळ आल्या. माझ्या मांडीला काहीतरी ओलं टेकलं. "सोड." सोडला.

काकांनी आधी पक्ष्याची मान मुरगळली आणि मग पंखांखाली बोटं घालून दोन्ही बाजूंच्या बरगड्या दाबून पाहिल्या. कुत्र्याचं तोंड कडक की मऊ, ते इथेच कळतं. बरगड्या शाबूत होत्या. कलेजी मी दिली, पण स्वतःच्या खिशातलं बिस्किट काकांनीही काढलं.

पक्षी परत द्यायचा नियम तिथेही पाळला. मेलेला नर बंड्याच्या तोंडात दिला आणि गाडीपर्यंत त्यालाच नेऊ दिला. काकांना ते विचित्र वाटलं असावं. मला विचाराल तर आणून देणं ज्याच्या रक्तात नाही अशा जातीच्या कुत्र्याला शिकवताना सगळ्यात जास्त फळ याच एका गोष्टीनं दिलं. बीगलवाले, शेफर्डवाले विचारतात, त्यांनाही मी हेच सांगतो. तुमचा कुत्रा आणत नाही म्हणून त्याला आणायला लावू नका, आधी देण्यात त्याचा तोटा नाही हे दाखवा.

फेझंटचं मांस कोरडं असतं, चरबी जवळजवळ नाही. पायात काड्यांसारखे कडक स्नायुबंध असतात, ते पकडीनं ओढून काढावे लागतात, नाहीतर तंगडी चावत बसा. आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्यात मंद आचेवर रस्सा होतो. काकांना तिखट सोसत नाही, तरी भाकरीनं वाटी पुसतात.

होल्यांचं मात्र जमलेलं नाही. आयोवात २०११ पासून होल्याची शिकार कायदेशीर आहे, हंगाम १ सप्टेंबरला उघडतो. होल्याची पिसं इतकी सैल असतात की तोंडात धरताच गठ्ठ्यानं सुटतात आणि ओल्या जिभेला चिकटतात. चांगले चांगले लॅबही होला आणायला नाक मुरडतात, हे काकांनी आधीच सांगितलं होतं. बंड्या होल्यापाशी जातो, उचलतो, चार पावलं येतो, थुंकतो आणि मग मिशीवरची पिसं पंजानं काढत तिथेच बसून राहतो. वर सप्टेंबरचं ऊन. मी जाऊन उचलून आणतो. यंदा आधी त्याचं तोंड पाण्यानं ओलं करून बघावं की उलट कोरडं ठेवावं, यावर काकांचा आणि माझा वाद चालू आहे.