आईच्या डोळ्यातलं इंजेक्शन आणि नाकारलेला क्लेम

आईच्या आरोग्य विम्याचा क्लेम नाकारल्याच्या पत्रात कारण एका ओळीत होतं: रुग्ण 24 तास दाखल नव्हती, बाह्यरुग्ण उपचार, देय नाही.

आईला वेट एएमडी हा डोळ्याचा आजार झालाय. वयामुळे दृष्टिपटलाच्या मध्यभागाखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्या झिरपतात आणि समोरचं माणूस दिसलं तरी त्याचा चेहरा दिसत नाही. रॅनिबिझुमॅबसारखं औषध थेट डोळ्यात टोचावं लागतं, सुरुवातीला दर महिन्याला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "थांबू नका, गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही." त्यामुळे कंपनीशी काय व्हायचं ते होवो, इंजेक्शन चुकवायचं नाही हे आधी ठरवलं आणि एफडी मोडली.

मग टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला, फोन सुरू केले. प्रत्येक वेळी नवा माणूस, उत्तर एकच: "मॅडम, सिस्टीममध्ये रिजेक्टेड दिसतंय." फोनवर काही हाती लागत नाही हे कळल्यावर मी फक्त ईमेल लिहायचं ठरवलं आणि प्रत्येक ईमेलमध्ये एकच प्रश्न विचारला: पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलंत?

बऱ्याच आठवणपत्रांनंतर कलम मिळालं. डे-केअरच्या, म्हणजे 24 तासांपेक्षा कमी वेळ दाखल राहून होणाऱ्या उपचारांच्या, व्याख्येचं शेवटचं वाक्य: जे उपचार सहसा ओपीडीत होतात ते यात धरले जात नाहीत. कंपनीचा सगळा डोलारा या वाक्यावर होता. पण त्याच पॉलिसीत पुढे आधुनिक उपचारांची यादी आहे आणि तिच्यात 'इन्ट्राव्हिट्रिअल इंजेक्शन', म्हणजे डोळ्याच्या आत द्यायचं इंजेक्शन, हे नाव छापलेलं आहे. ही यादी कंपनीने आपल्या मनाने दिलेली नाही. विमा नियामक आयआरडीएआयने सप्टेंबर 2019 मध्ये असे 12 उपचार ठरवून दिले आणि ते पॉलिसीतून वगळता येणार नाहीत, असं बजावलं. वैद्यकीय गरज असेल तर ते दाखल होऊन, डे-केअरमध्ये किंवा घरच्या उपचारात धरायचे, हेही त्यात आहे. रोबोटिक सर्जरी, तोंडाने घ्यायची केमोथेरपी हेसुद्धा त्याच यादीत. कंपनी रकमेला मर्यादा घालू शकते, पण उपचारच नाकारू शकत नाही. एका हाताने नाव छापायचं आणि दुसऱ्या हाताने '24 तास' दाखवायचे, याचा मला फार राग आला. सत्तरीच्या पुढच्या किती लोकांनी हे पत्र वाचून क्लेम सोडून दिला असेल!

हॉस्पिटलने आम्हाला फक्त ओपीडीचा कागद दिला होता. मी डॉक्टरांकडे गेले. खोटं काही नको होतं, जे झालं तेवढंच लिहून हवं होतं: इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमध्ये दिलं, डोळा बधिर केला, जंतुसंसर्गाचा धोका असल्याने तिथेच देणं आवश्यक, न दिल्यास दृष्टी जाईल. त्यांनी लगेच पत्र दिलं, डे-केअर समरी बनवली आणि बिलाला औषधाच्या कुपीचं लेबल चिकटवून दिलं. ओसीटीचे, म्हणजे दृष्टिपटलाच्या स्कॅनचे, आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट मी जोडले.

हे सगळं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेलं. महिना उलटला, उत्तर नाही. मग विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या पुण्यातल्या विमा लोकपालांकडे तक्रार केली. तिथे फी नाही, वकील चालत नाही, आपणच बोलायचं. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र जावं लागतं. सुनावणी व्हिडिओवर झाली. कंपनीच्या प्रतिनिधीने पुन्हा 24 तासांचं कलम वाचलं. मी आधुनिक उपचारांचं पान आणि 2019चा आदेश समोर ठेवला. आई शेजारीच बसली होती. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "साहेब, मला पोथी वाचता यावी एवढंच आहे."

निवाडा आमच्या बाजूने लागला. निवाडा मिळाल्यापासून 30 दिवसांत कंपनीला तो पाळावा लागतो, त्याप्रमाणे पैसे खात्यात आले. पूर्ण नाही, कारण आमच्या पॉलिसीत या उपचारांना वर्षाची मर्यादा आहे आणि त्या मर्यादेच्या वरच्या इंजेक्शनांचे पैसे आम्हीच भरतोय. नूतनीकरणाच्या वेळी ही मर्यादा नसलेली पॉलिसी मिळते का, ते बघायला आता सुरुवात केली आहे. तोवर प्रत्येक इंजेक्शनच्या दिवशीच डे-केअर समरी मागून घेते.