तुळजापूर रोडवर दिसलेलं उलटं शेपूट

सोलापुरात एमएस्सी फिजिक्सला शिकवते मी. १५ ऑक्टोबर २०२४ ची संध्याकाळ अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

शुचिनशान-अ‍ॅटलस धूमकेतू २७ सप्टेंबरला सूर्याच्या सगळ्यात जवळ जाऊन आता संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता, आणि सूर्यही चांगलाच खवळलेला, १० तारखेलाच जी-४ दर्जाचं, म्हणजे तीव्र, चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन गेलेलं, लडाखमध्ये हान्लेच्या आकाशात लाल प्रकाश दिसलेला. असं जुळून रोज रोज येत नाही. म्हणून मी आणि माझी प्रोजेक्टची विद्यार्थिनी कॅमेरा, ट्रायपॉड, दुर्बीण घेऊन एकरुख तलावाच्या बाजूला गेलो.

आम्हाला हवं होतं आयन शेपूट. धूमकेतूचा गॅस आयनित, म्हणजे विद्युतभारित, झाला की सौरवारा, म्हणजे सूर्यातून सुटणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, आपल्या चुंबकीय क्षेत्रासकट त्याला सूर्यापासून थेट लांब ओढून नेतो, वाऱ्यात कापडी पट्टी ताणली जावी तसा. या शेपटांवरूनच जर्मन शास्त्रज्ञ बीरमान यांनी १९५१ मध्ये, म्हणजे एकही यान वर जायच्या आधी, सूर्यातून सतत कणांचा प्रवाह येतो असं मांडलं. २००७ च्या एप्रिलमध्ये तर सूर्याच्या एका उद्रेकाने एन्के धूमकेतूचं शेपूट अक्षरशः तोडलं आणि ते सूर्यावर नजर ठेवणाऱ्या नासाच्या स्टिरिओ यानाने टिपलं. मला हा विषय यासाठीच आवडतो, जिथे आपलं एकही यान नाही तिथला सौरवारा धूमकेतू दाखवतो.

पण कोजागिरी जवळ आलेली, चंद्र जवळजवळ पूर्ण, आयन शेपूट काही उमटेना. तेवढ्यात विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, हे खाली काय आहे?" धुळीचं शेपूट वर पसरलेलं आणि डोक्यापासून खाली क्षितिजाकडे, म्हणजे सूर्याच्या दिशेने, एक बारीक सरळ रेघ! लेन्सचा दोष असेल म्हणून फ्रेम हलवून, जागा बदलून परत परत फोटो घेतले, रेघ धूमकेतूबरोबरच राहिली. प्रतिशेपूट होतं ते, सूर्याकडे वळल्यासारखं दिसणारं उलटं शेपूट. आदल्या दिवशीच्या सुमारास पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलातून, म्हणजे ती कक्षा ज्या सपाट पातळीत आहे तिच्यातून, गेली होती, त्यामुळे त्याने मागे कक्षेतच टाकलेली जाडसर, जुनी धूळ आपल्याला कडेने, एका रेषेत दिसत होती. पुस्तकात शिकवलेलं, स्वतःच्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा बघितलं, हात थरथरत होते खरंच.

रस्त्यावर तुळजापूरला पायी निघालेली माणसं, अनवाणी, कुणी भजन म्हणत, कुणी चहा वाटत. एक मावशी थांबल्या. "शेंडीचा तारा का ओ? वाईट असतंय म्हणत्यात."

म्हटलं, "नाही मावशी, बर्फ आणि धुळीचा गोळा आहे, सूर्यापाशी तापला की धूळ सुटते." त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "ती धूळ आपल्याकडं पडती का?"

इतका नेमका प्रश्न वर्गातही क्वचित येतो. सांगितलं की याची नाही, पण दुसऱ्या धूमकेतूंची पडते, ऑगस्टमध्ये तारे तुटताना दिसतात ना, ती स्विफ्ट-टटल नावाच्या धूमकेतूची धूळ, आणि अशी अवकाशातली धूळ पृथ्वीवर दरवर्षी हजारो टन येते.

मावशींनी मागच्या सगळ्यांना हाक मारली आणि दुर्बिणीपुढे रांगच लागली. मग समजावायचं काम विद्यार्थिनीनेच घेतलं, धूमकेतू मावळेपर्यंत. सूर्य त्याच्या अकरा वर्षांच्या चक्राच्या कमाल टप्प्यात आल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेने जाहीर केलं तेही त्याच रात्री. ती बातमी तिने मला पाठवली, खाली लिहिलं होतं, "मॅडम, उद्या परत जाऊया का?"