चौपन्न हजारांतले हातात किती?

१२ एप्रिल २०२५, शनिवार. टॅक्स रिटर्न भरायची शेवटची तारीख मंगळवारी, म्हणजे तीन दिवसांवर. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये एका कॉलेजच्या गावात मी गेली अनेक वर्षं टॅक्सचं काम करते. त्या आठवड्यात आम्ही डबा टेबलावरच खातो आणि घरचे आम्हाला धरतच नाहीत. दुपारी दोनला एका बास्केटबॉल खेळाडूची वेळ लावलेली होती. तो आला तो एकटा नाही, आई आणि धाकटा भाऊही बरोबर.

आमच्या धंद्यात ग्राहकाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय बाहेर सांगणं गुन्हा आहे. त्या मायलेकांनी "लिहा, पुढच्या मुलांना उपयोग होईल" असं सांगितलं, म्हणून लिहितेय. नाव, गाव, कॉलेज गाळलंय आणि आकडे जरा गोल केलेत.

मुलगा वीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसला तर गुडघे टेबलाच्या कडेला टेकत होते. आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, तिथूनच थेट आली होती, अंगावर कामाचेच कपडे. धाकटा सतरा वर्षांचा, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

मुलाने दोन कागद पुढे केले. दोन्ही १०९९, म्हणजे नोकर म्हणून नव्हे, तर स्वतंत्र धंदा करणारा म्हणून पैसे मिळाल्याचा फॉर्म. पहिल्यावर ५४,००० डॉलर. देणारा कॉलेजच्या देणगीदारांनी मिळून काढलेला गट, इथे त्याला कलेक्टिव्ह म्हणतात. दुसऱ्यावर ७,२००, गाडीच्या डीलरकडून. डीलरने पैसे दिले नव्हते, वर्षभर गाडी वापरायला दिली होती. बदल्यात पाच फोटो आणि एका शनिवारी दुकानात उभं राहून गिऱ्हाइकांशी हस्तांदोलन. पण वस्तूच्या रूपात मिळालं तरी ते उत्पन्नच.

"टॅक्स किती कापला होता?" मी विचारलं.

"ते कापतात ना आपोआप?"

आईने माझ्याकडे पाहिलं. पुढे काय येणार हे तिला तेवढ्यात कळलं असावं.

२०२१ पर्यंत असला खेळाडू माझ्याकडे कधी आलाच नव्हता, कारण त्याच्याकडे भरण्यासारखं काही नसायचं. कॉलेजची टीम टीव्हीवरून कोट्यवधी डॉलर मिळवायची, कोच राज्यातला सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी माणूस असायचा, आणि मुलाने दुकानदाराकडून शंभर डॉलर घेतले तर त्याचं खेळणं बंद. आपलं रूप व्हिडिओ गेममध्ये वापरलं गेलं म्हणून एड ओबॅनन या माजी खेळाडूने २००९ मध्ये दावा लावला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातीतून कमाई करू देणारा कायदा केला. २१ जून २०२१ ला सुप्रीम कोर्टाने ॲल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेच्या, विरोधात दिला आणि दहा दिवसांत, १ जुलैला, खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख वापरून कमाई करायला मोकळीक मिळाली. हेच ते 'एनआयएल'. मला त्या दिवशी मनापासून बरं वाटलं होतं. आमच्या कोल्हापूरकडे जत्रेच्या मैदानात कुस्ती मारली की पैलवानाला इनाम मिळतं. माझे चुलते ते आणून तालमीत खुराकाला लावायचे. इनाम घेतल्याने पैलवान बिघडला असं कोणी म्हणत नव्हतं. राबणाऱ्याला त्याचं मिळावं, यात मला आजही शंका नाही.

पण त्या शनिवारी कॅल्क्युलेटर हातात घेतल्यावर वेगळंच दिसायला लागलं.

मी त्याला सांगितलं, कायद्याच्या नजरेत तू धंदेवाला आहेस. तो म्हणाला, "मी तर खेळतो, माझा धंदा कुठला?" प्रश्न खरा होता. पण रिटर्नमध्ये धंद्याचा तक्ता लावावाच लागतो आणि त्यावर आयकर तर असतोच, वर स्वतंत्र धंद्याचा १५.३ टक्के कर. नोकरीत यातला निम्मा मालक भरतो. इथे मालक नाही, सगळा त्याच्यावर. एजंटाला दिलेलं दहा टक्के कमिशन, ५,४०० डॉलर, खर्चात टाकलं. मग स्कॉलरशिप काढली. फी आणि पुस्तकांचा भाग करमुक्त, पण राहण्या-जेवणाचे जे १२,००० मिळतात ते उत्पन्नात धरले जातात. हे पालकांना जवळजवळ कधीच माहीत नसतं. फेडरलचे १२,४००, राज्याचे अडीच हजारांच्या वर. जवळजवळ १५,००० डॉलर. एक गोष्ट तेवढी त्याच्या बाजूची निघाली: आदल्या वर्षी त्याच्यावर काहीच कर बसला नव्हता, म्हणून तिमाही हप्ते न भरल्याचा फेडरल दंड लागला नाही.

"खात्यात किती आहेत?"

त्याने फोन उघडून माझ्याकडे फिरवला. २,१०० आणि काही सेंट. चैन केली होती असं नाही. आईचं घरभाडं सात महिने त्याने भरलं होतं, आजीच्या दातांचं काम केलं होतं, धाकट्याच्या उन्हाळी स्पर्धांचा प्रवास केला होता. थोडे बूट आणि कपडे, तेही झाले होते. विसाव्या वर्षी मीही घेतले असते.

मी कलेक्टिव्हचा करार मागितला. त्याच्याकडे तो फोनवर पीडीएफमध्ये होता, नऊ पानं. मी छापून काढला, कारण फोनवर करार वाचायची मला सवय नाही आणि कुणी लावूही नये. सहाव्या पानावर कलम होतं: ३० जूनपूर्वी ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घातलं तर शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे परत. महिन्याला ४,५०० प्रमाणे १३,५००. त्यावर मी बोट ठेवलं, तसा तो खुर्चीत ताठ झाला.

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. ते फक्त रिटर्न भरायला आलेच नव्हते.

ट्रान्सफर पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. आता अभ्यासात पास असेल तर कितीही वेळा बदलता येतं. पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी त्या वर्षी २४ मार्च ते २२ एप्रिल एवढीच खिडकी होती, म्हणजे दहा दिवस उरले होते. पोर्टलमध्ये नाव येण्याआधी दुसऱ्या कॉलेजच्या कोचने खेळाडूशी बोलायचं नसतं. कोच बोललाही नव्हता. एजंट बोलला होता. दक्षिणेतल्या एका मोठ्या कॉलेजकडून १,२०,००० डॉलर, आणि एक वाक्य जोडून: "तिथे राज्याचा आयकरच नाही." एजंटाला या वेळी वीस टक्के हवे होते, कारण हे गिऱ्हाईक त्याने आणलं होतं. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये खेळाडूंच्या संघटनेने एजंटाचं कमिशन तीन टक्क्यांवर बांधून ठेवलंय, बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये चार. कॉलेजातल्या पोराला असं कुंपण नाही.

त्या वसंतात सगळीकडे अशीच घाई होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतल्या फेडरल न्यायाधीशाने एनसीएएचे हात बांधले, तेव्हापासून प्रवेश घेण्याआधीच पैशाची बोलणी उघड करता येतात. त्यात खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या 'हाऊस' नावाच्या खटल्याची तडजोड मंजुरीच्या उंबरठ्यावर होती. ती ६ जून २०२५ ला झाली. १ जुलैपासून कॉलेजं स्वतःच वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना वाटणार आणि बाहेरच्या ६०० डॉलरवरच्या प्रत्येक कराराची तपासणी होणार. तपासणी सुरू व्हायच्या आत देऊन टाका, असं कलेक्टिव्हवाल्यांचं चाललं होतं. आमच्या ऑफिसात ती घाई त्या पोराच्या थरथरणाऱ्या फोनच्या रूपाने आली होती. पाऊण तासात एजंटाचे चार फोन.

मी एक कोरा कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे इथलं, उजवीकडे तिथलं.

डावीकडे ५४,०००. कमिशन आणि कर जाऊन रोख ३३,५०० च्या आसपास, आणि गाडी. उजवीकडे १,२०,०००. वीस टक्के गेले, राहिले ९६,०००. त्यावर फेडरल कर २३,५०० च्या पुढे. राहिले ७२,०००. इथल्या करारातले १३,५०० परत करायचे. राहिले ५९,००० सुद्धा नाहीत, गाडी नाही, आणि आई सहाशे मैलांवर. यंदाच्या कराचे १५,००० तर राहिला काय, गेला काय, द्यायचेच.

एजंटाने सांगितलेला फरक ६६,००० चा होता. गाडीचे ७,२०० धरले तर कागदावर तो १८,००० वर आला.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला त्यांनी नुसता वरचा आकडा सांगितला."

हे मला फार लागलं. दोन्ही कॉलेजांनी त्याला व्यायामशाळा दाखवली होती, कपाटावर त्याच्या नावाची पाटी लावून फोटो काढले होते, आईला रात्रीच्या जेवणाला नेलं होतं. पूर्वी कोच घरी यायचा तेव्हा मुलगा कोणता विषय घेणार, किती मिनिटं खेळणार हे बोललं जायचं. आता पहिल्या पाच मिनिटांत आकडा येतो. आकडा येऊ दे. पण त्याच्या खालचं कमिशन, कर आणि सहाव्या पानावरचं कलम सांगायला त्या टेबलावर एकही माणूस नसतो. विसाव्या वर्षी ते कुणाला कळणार?

आईने मग अगदी वेगळं विचारलं. त्याला कमी उत्पन्नामुळे पेल ग्रँट ही सरकारी मदत मिळते, ती राहील का? मी खरं ते सांगितलं. त्या अर्जात दोन वर्षांमागचं उत्पन्न धरतात, त्यामुळे २०२४ ची ही कमाई २०२६-२७ मध्ये समोर येईल आणि ग्रँट बहुतेक जाईल. तिने पिशवीतून वही काढून ते साल लिहून घेतलं. आमच्या त्या सगळ्या बोलण्यात लिहून घेणारी ती एकटीच.

जाताना मी धाकट्याला आत बोलावलं. त्याचं काय चाललंय, सहज विचारलं. थोरल्यापेक्षा तो दोन इंच उंच. ज्युनिअरला, म्हणजे अकरावीला असताना सहा कॉलेजांचे कोच त्याला मेसेज करायचे, म्हणाला. शेवटच्या वर्षी एकेक बंद झाले. एकाने प्रामाणिकपणे कळवलं होतं: आम्ही पोर्टल बंद होईपर्यंत थांबतोय. सतरा वर्षांच्या पोराला दोन वर्षं घडवण्यापेक्षा बावीस वर्षांचा तयार खेळाडू कोचला परवडतो. टीमच्या जागा तर तेवढ्याच. थोरला ज्या यादीत नाव घालून १,२०,००० ला जाणार होता, त्याच यादीमुळे धाकट्याला कुणी विचारत नव्हतं. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. धाकटा बोलत असताना थोरला खाली मान घालून बसला होता.

इथेच आपल्याकडच्या पालकांसाठी एक सांगते, कारण मला पुण्या-मुंबईहून तसे फोन येतात. तुमचं मूल टेनिस, स्क्वॉश, पोहणं यासाठी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर इथे येणार असेल तर जाहिरातीची कमाई गृहीत धरून हिशेब मांडू नका. व्हिसावर असताना इथे तसं काम करणं व्हिसाच्या मुळावर येऊ शकतं. केंटकी विद्यापीठाचा काँगोहून आलेला ऑस्कर शिबवे हा २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉल खेळाडू ठरला होता, तरी त्या ऑगस्टमध्ये टीम बहामाला गेली तेव्हा त्याने देशाबाहेर आपली जाहिरातीची कामं उरकली होती. सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, कोचला नको.

त्या दिवशी आम्ही रिटर्न भरलं आणि थकलेल्या रकमेसाठी आयआरएस या कर खात्याकडे हप्त्यांचा अर्ज ऑनलाइनच केला. करार बघायला मी माझ्या ओळखीच्या वकीलबाईंचा नंबर दिला. "जा" किंवा "राहा" असं मी म्हटलं नाही. आईने विचारलं होतं, पण ते सांगायचा अधिकार माझा नव्हता.

२१ एप्रिलला त्याने पोर्टलमध्ये नाव घातलं. गेला. १८,००० डॉलर त्या घरासाठी मोठीच रक्कम होती, शिवाय तिथे खेळायला जास्त मिनिटं मिळणार होती, आणि मला त्याचं पटलं. पण वकीलबाईंनी एजंटाचं कमिशन दहावर आणलं आणि परत करायचे १३,५०० एकदम न देता वर्षभरात फेडायचं ठरवून घेतलं. धाकटा घराजवळच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात गेला, तिथल्या टीममध्ये खेळतोय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात थोरल्याचा मेसेज आला. बँकेत त्याने दुसरं खातं उघडलं होतं, त्याला नावच 'टॅक्स' असं दिलेलं. पहिल्या हप्त्यातले तीस टक्के त्यात टाकल्याचा स्क्रीनशॉट होता. खाली विचारलं होतं, दुसरा तिमाही हप्ता १५ जूनला भरायचा ना?

मी लिहिलं, १५ ला रविवार आहे, १६ ला भरलास तरी चालेल. आणि नव्या कराराचं सहावं पान मला पाठव.

त्याने सगळीच पानं पाठवली.