जोहोरचा पाऊस, बडोद्याच्या नजरेने

डिसेंबरअखेरीस भाचीकडे जोहोर बाहरूला, म्हणजे मलेशियाच्या दक्षिण टोकाला जोहोर राज्यात, दहा दिवस राहून आलो. त्यातले तीन दिवस सलग पाऊस, आणि कोटा टिंगीचा धबधबा बघायचा राहिला. बडोद्यातली ओळखीची दोन कुटुंबं यंदा तिकडे निघाली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

निघताना दांडिया बाजारात सगळे म्हणाले, विषुववृत्ताजवळ वादळं होत नाहीत, निर्धास्त जा. एरवी ते खरंच. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारा पीळ तिथे फार कमी, त्यामुळे 5 अंशांच्या आत चक्रीवादळ सहसा उभंच राहत नाही. पण डिसेंबर 2001 मध्ये 'वामेई' अवघ्या 1.4 अंश उत्तरेला तयार झालं आणि 27 तारखेला याच जोहोरच्या किनाऱ्यावर आलं. ईशान्य मान्सूनचा जोरदार वारा दक्षिण चीन समुद्राच्या अरुंद भागात घुसला, बोर्निओ बेटाकडचा हवेचा भोवरा त्यात सापडला आणि फिरू लागला. गुनुंग पुलाई डोंगरावर दरड कोसळून पाच जण गेले. भाचीच्या शेजारच्या आजी अजून त्या रात्रीबद्दल बोलताना थांबतात.

आमच्या वेळी वादळ नव्हतं, नुसता मान्सून. तरी कोटा टिंगीची बस अर्ध्यातून परत फिरवली, पुढे रस्त्यावर पाणी होतं. पाऊस तेव्हा उघडला होता, म्हणून काही प्रवासी चिडले. मी नाही चिडलो. 2024 च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी पाऊस ओसरल्यावरही चढत राहिलं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. नदीला वरचं पाणी उशिरा पोचतं. कोटा टिंगी जोहोर नदीवरच आहे, आणि 2006-07 मध्ये ते गाव दोनदा बुडालं.

तेव्हा शक्य असेल तर मार्च ते ऑक्टोबरमध्ये जा. सुट्टी डिसेंबरचीच असेल तर परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. अहमदाबादहून सिंगापूरला थेट विमान आहे, तिथून पुलावरून जोहोर. सीमेवर रांग लांब लागते. खोली वरच्या मजल्यावर मागा. पासपोर्ट आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत, थेपले-खाकरे तीन दिवस पुरतील एवढे. मलेशियाच्या हवामान खात्याचा इशारा रोज सकाळी बघाच. तिओमान बेटाचा बेत डिसेंबरात नको, मेर्सिंग बंदराहून तिकडे जाणाऱ्या बोटी बऱ्याचदा बंद असतात.

धबधब्यासाठी भाचीने आम्हाला आता एप्रिल सांगितलाय.